पणजोबांची तिथी

आमच्या घराण्यातला एक माणूस बोटीने आफ्रिकेला गेला आणि परत आला नाही, एवढीच खात्रीची माहिती आमच्याकडे होती. बाकीची चुलत्यांनी गरजेप्रमाणे पुरवली. मी शाळेत होते तेव्हा पणजोबा बोटीवर खलाशी होते. मी कॉलेजात जाईपर्यंत बढती मिळून ते तांडेल झाले. माझ्या लग्नात व्याह्यांवर छाप पाडायची वेळ आली तेव्हा एका काकांनी त्यांना सरळ कप्तान करून टाकलं. वादळात बोट बुडाली आणि बोटीबरोबर कप्तानही, हा शेवट मात्र कोणी बदलला नाही. व्याही मंडळींनी हळहळून माना डोलावल्या आणि जिलबी मागितली.

बाबा या बढत्यांच्या भानगडीत कधी पडले नाहीत. पणजोबा म्हणजे त्यांचे सख्खे आजोबा, आणि या आजोबांबद्दल त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तिथी. माणूस ज्या तिथीला जातो त्या तिथीला पितृपक्षात त्याचं पान वाढायचं, असा रिवाज. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांची सोय सर्वपित्री अमावास्येला. सोय चांगली आहे, पण बाबांच्या मते ती बेवारशांची पंगत. स्वतःच्या आजोबांना वर्षानुवर्षं त्या पंगतीत बसवतोय, याची त्यांना मनापासून लाज वाटायची.

त्यात आम्ही राहतो मीरा रोडला. आमच्या बिल्डिंगभोवती कावळे नावाला आणि कबुतरं उदंड. दर सर्वपित्रीला बाबा स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून पान बाहेर सरकवायचे आणि काठी घेऊन कबुतरं हाकलत उभे राहायचे. कबुतराने खाल्लं तर पोचत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर बराच काळ आमच्यात अबोला होता.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. भाऊ कॅनडात असतो. तिकडे कावळे आहेत, पण खिडकीबाहेर अन्न ठेवलं तर नोटीस येते म्हणे. मी पडले मुलगी, त्यामुळे माझ्या हातचं पान पितरांना चालेल की नाही यावर नातेवाइकांत दोन तट आहेत, आणि दोन्ही तट जेवायला माझ्याकडेच येतात. “माझ्यामागे हे पान बंद पडणार,” बाबा म्हणायचे. “बंद पडायच्या आत एकदा तरी त्यांचं त्यांच्या दिवशी होऊ दे.” यात थट्टा करण्यासारखं मला काही सापडलं नाही, आणि मला सहसा सापडतं.

म्हणून शोध सुरू झाला. भावाने एका वंशावळीच्या वेबसाइटची वर्गणी तिकडून भरली आणि आपलं कर्तव्य संपलं असं कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर केलं. लगेच एका काकांनी विचारलं, आफ्रिकेत आपली जमीन वगैरे निघेल का. गावच्या जमिनीवरून काकांचं सगळ्यांशी वाजलेलं आहे, त्यामुळे नवीन खंडाची गरज होतीच. प्रत्यक्ष याद्या चाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेली बाई. माणूस खरंच मेला आहे का, हे कागदावरून तपासण्यात माझी हयात गेली. बेपत्ता माणूस सात वर्षांनी मेला असं कायदा धरतो, धर्म बारा वर्षं थांबतो. या एका बाबतीत धर्म कायद्यापेक्षा उदार आहे, असं मी ऑफिसात गमतीने म्हणत असे.

आमच्या घरी ती बारा वर्षं थांबून झाली होती. पणजोबा गेले तेव्हा माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, पाळण्यात होते. बारा वर्षं ना पत्र ना निरोप. मग गावकीने ठरवलं आणि पौष महिन्यात दर्भाचा पुतळा करून त्याला रीतसर अग्नी दिला. अग्नी दिला बारा वर्षांच्या आजोबांनी. पणजीच्या बांगड्या त्याच दिवशी फोडल्या. एवढी हकिकत बाबांनी स्वतः आजोबांच्या तोंडून ऐकलेली होती, आणि आजोबा यापुढे कधी बोलत नसत.

मुंबईहून मोंबासाला, झांजिबारला जाणाऱ्या जुन्या बोटींच्या याद्या सगळ्या आता घरबसल्या दिसतात. वरच्या वर्गाचे साहेब हुद्द्यासकट, त्यांच्या मेमसाहेब, मुलं, सामान. एका साहेबाचा कुत्रासुद्धा नोंदवलेला. मग व्यापारी लोक, त्यांचीही नावं वळणदार अक्षरात. आणि अगदी तळाला एक ओळ, शिवाय डेकवरचे प्रवासी, आणि पुढे नुसता आकडा. आमचा कप्तान त्या आकड्यात होता. मी ते पान मोठ्या अक्षरात छापून बाबांना दाखवलं. त्यांनी भिंग घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं.

“नावं का नाही लिहिली यांची?”

“जागा नसेल, बाबा.”

“कुत्र्याला होती,” ते म्हणाले आणि भिंग खोक्यात ठेवून आत गेले.

त्यानंतर कित्येक महिने मी आकडेच पाहत होते. ग्रुपवरच्या मंडळींनी मदतीचा हात सोडला नव्हता. एका चुलतभावाने मॉरिशसमधल्या कुठल्यातरी गृहस्थांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, नाक बघा. मग प्रत्येकाने आपापल्या नाकाचा फोटो टाकला. बाबांचं नाक कोणाशीच जुळलं नाही, तेव्हा तो विषय गुपचूप मागे पडला.

सगळेजण जाणाऱ्यांच्या याद्या शोधत होते, कारण आमच्या घरात तो माणूस जाण्यासाठीच प्रसिद्ध होता. परत येणाऱ्यांच्या याद्या उघडायचं कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. मी त्या उघडल्या त्या निव्वळ कंटाळून. आणि गंमत अशी की त्यांत मजुरांची नावं होती. जाताना माणसाचं नाव लिहायला कोणाला वेळ नव्हता, येताना मात्र बापाचं नाव, गाव, तालुका, अंगावरची खूण, सगळं टिपलेलं. परतीचं भाडं तिकडे रेल्वे बांधणाऱ्या ठेकेदाराकडून वसूल करायचं असायचं, म्हणून ही आपुलकी.

तिथे ते सापडले. नाव तेच, बापाचं नाव तेच, रत्नागिरीकडचं आमचं गाव, तालुका. ना खलाशी ना कप्तान, रेल्वेच्या कामावरचा मजूर. खूण म्हणून लिहिलं होतं, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. शेरा होता, कामास निरुपयोगी. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्याची तारीख होती. आजोबांचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यामुळे पक्कं होतं, त्यात बारा मिळवून पुतळ्याचं साल आलं, ते उतरल्याच्या सालाशी जुळलं, मग त्या तारखेचा महिना पंचांगाच्या वेबसाइटवर काढला. फाल्गुन निघाला. पौषात पुतळा जाळला, आणि लगेचच्या फाल्गुनात माणूस मुंबईत जिवंत उतरला. माझ्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर दावा मंजूर झाला आणि मयत इसम काउंटरवर हजर झाला. नोकरीत असं घडलं असतं तर मी हसले असते. त्या दिवशी नुसता पंखा लावून बसून राहिले.

बाबांना सांगितलं. त्यांनी भिंग काढून तारीख स्वतः वाचली. मग म्हणाले, “म्हणजे बोट बुडाली नाही.”

“नाही.”

“मग मुंबईपर्यंत येऊन घरी का नाही आले?”

याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस हयात होतं. बाबांची आतेबहीण, जिला सगळे आक्का म्हणतात. बाबांपेक्षा बरीच मोठी, नव्वदी पार केलेली, लहानपणी आजोळी म्हणजे आमच्याच गावच्या घरात वाढलेली, पणजीच्या कुशीत झोपलेली. आक्का मुलाकडे भाईंदरच्या गोडदेवला राहते. आम्ही लंडनपासून मोंबासापर्यंतची दप्तरं उपसली, पण भाईंदरला जाऊन आक्काला विचारावं असं कोणाला सुचलं नाही. गोडदेवला वेबसाइट नाही ना.

रिक्षावाल्याला गोडदेव गाव म्हटलं तर तो म्हणाला, “गाँव किधर है मॅडम, सब बिल्डिंग है.” खरंच आहे. देवळाजवळची गल्ली तेवढी गावासारखी उरली आहे, बाकी बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली. लिफ्ट नव्हती. बाबा कठडा धरून चढले, मधल्या जिन्यात थांबले, पुन्हा चढले. आक्का पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिला ऐकू चांगलं येतं, फक्त घरातल्यांना ती काय म्हणते ते ऐकायला सवड नसते, त्यामुळे तिचं डोकं चालत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं.

बाबांनी छापील पान तिच्या पुढे धरलं. आजोबा मुंबईला परत आले होते, म्हणाले. तिने पानाकडे पाहिलंही नाही. लसूण ताटलीत ठेवून तिने स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटली आणि हात बाबांना दाखवला.

“असा व्हता ना हात?”

बाबा तिच्या शेजारी बसले.

“घरी पन आला व्हता तो. आजीनंच सांगितलान मला,” आक्का म्हणाली. “शिमग्यात. रंगपंचमीला पालखी यायची आपल्या घरी, त्या दिवशी. सगळी मानसं देवाला सामोरी गेलेली. घर सारवून ठेवलेलं. दारात तुझा बाप एकटा, पालखीची वाट बघत उभा. हा आला नि विचारलान, हे अमक्याचं घर ना? तर तुझा बाप बोलला, व्हय, पन तो नाय. तो मेला. मी त्याला अग्नी दिलाय.”

तिने पाण्याचा घोट घेतला.

“तुझ्या बापाची काय चूक? त्यानं कुटं बापाला बघितला व्हता? जे खरं ठावूक व्हतं ते बोलला. आजी मागल्या पडवीत व्हती. दोन महिन्यांची विधवा, पालखीपुढं यायची बंदी. तिनं आवाज वळखला. हात पुसून उठेपर्यंत तो बांधाच्या पल्याड गेलेला. तवर ढोल आले. देव घरात आला नि ती पडवीत बसून ऱ्हायली.”

“तिने कोणाला सांगितलं नाही?”

“तिच्या दिराला सांगितलान. तो बोलला, क्रियाकर्म झालेलं मानूस घरात घेतलं तर घर बसंल. परत बोलू नको. मंग रात्री तिनं पोराला सांगितलान, तुझ्या बापाला. तो कोन व्हता ते. तवा पोर बोलला, त्याच्या हाताला दोन बोटं नव्हती.”

घर बसण्याची ही भीती ज्या दिराला वाटली, त्याच्याकडेच पुतळा जळाल्यावर भावाच्या वाट्याची शेती आली होती, हे मला आधीपासून ठाऊक होतं. देवाधर्माची चाड असलेला माणूस होता म्हणतात. आमच्या गावच्या घरात त्याचा फोटो हार घालून लावलेला आहे.

बाबा आक्काला म्हणाले, “मला का नाही सांगितलंस कधी?”

“मामा जित्ता व्हता तवर आजीची शपथ व्हती. मामा गेला नि तू पान ठेवू लागलास. इतक्या भक्तीनं पान ठेवनाऱ्याला काय सांगू, का जेवायला आलेला आपनच परतवला?”

बाबांनी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणून दादा रंगपंचमीला ओट्यावर बसायचे. दिवसभर. आम्हाला वाटायचं त्यांना रंगाचा राग आहे.” दादा म्हणजे त्यांचे वडील. त्यानंतर पणजोबा कुठे गेले, कुठे वारले, हे आक्कालाही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

परत येताना रिक्षात बाबा छापील पानाची घडी हातात धरून बसले. मला मात्र इतका संताप आला होता की मी घरी पोचताच आमच्या गुरुजींना फोन लावला. ते नया नगरच्या पलीकडे राहतात, स्कूटरवर पूजा करत फिरतात, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं. मेलेला माणूस परत आला तर शास्त्र काय म्हणतं, मी विचारलं. गुरुजी जराही गडबडले नाहीत. म्हणाले, आहे ना विधी. त्याचा पुन्हा जन्म झाला असं समजायचं, न्हाऊ घालायचं, बारशापासून सगळे संस्कार करायचे, आणि बायको हयात असेल तर तिच्याशीच पुन्हा लग्न लावायचं.

म्हणजे सगळी सोय होती. पणजीचं पुन्हा लग्न लागलं असतं, त्याच नवऱ्याशी, नव्या बांगड्या भरून. पोराने बापाच्या बारशाला पेढे वाटले असते. आमचे पूर्वज मोठे शास्त्राचे अभिमानी, पण पुतळा जाळायचं पान त्यांना तोंडपाठ आणि त्याच्या पुढचं पान कोणी उलटलं नाही. मी फोन ठेवला आणि पणजीसाठी रडले. तिचा चेहराही मला माहीत नाही, तिचा एकही फोटो कुठे नाही.

सगळं लिहून मी ग्रुपवर टाकलं. मग कोणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. भावाने लिहिलं, इंटरेस्टिंग. शेवटी काकांनी लिहिलं की झालं ते झालं, आता हे बाहेर सांगायची गरज नाही, मुलांची लग्नं व्हायची आहेत. त्यावर पाच-सहा अंगठे आले. थोडक्यात, बोट एकमताने पुन्हा बुडवण्यात आली आणि कप्तान आपल्या जागी परत गेले.

बाबा ग्रुप वाचत नाहीत. माघ संपत आला तसे ते एक दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर भिंग घेऊन उभे राहिले आणि त्यांनी मला गुरुजींना फोन लावून द्यायला सांगितलं. रंगपंचमीला आजोबांचं करायचंय, म्हणाले. गुरुजींनी समजावलं की श्राद्ध मृत्युतिथीला असतं, ही तर आल्याची तिथी, त्या दिवशी श्राद्ध करता येत नाही.

“श्राद्ध कोणाला करायचंय?” बाबा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

स्वयंपाकाचा हुकूम मला आदल्या दिवशी मिळाला. वडे नकोत, खीर नको, पितरांचं म्हणून जे जे करतात त्यातलं काही नको. घावणे आणि नारळाचा रस कर, लांबून आलेल्या माणसाला करतात तसा. पान ग्रिलबाहेर ठेवायचं नाही. टेबलावर, बाबांच्या शेजारच्या खुर्चीपुढे. घावणे मला कधीच गोल येत नाहीत, त्या दिवशीही आले नाहीत.

रंगपंचमीला सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, लाकडी दार उघडलं, मग जाळीचं दार उघडलं, आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसले. आमच्या मजल्यावर दारं अशी सताड उघडी कोणी ठेवत नाही, सेक्रेटरीचा कागद आहे तसा. जिन्यावर पोरं रंगाच्या पिशव्या घेऊन पळत होती. समोरच्या भाभी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या. त्या सुरतेकडच्या, बाबांची रोज चौकशी करणाऱ्या.

“अंकल, कोई आनेवाला है क्या?”

“हां,” बाबा म्हणाले. “मेरे दादाजी.”

भाभींनी बाबांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हाताऱ्याचं डोकं सरकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी खुलासा केला नाही. “अच्छा, अच्छा,” म्हणत त्या आत गेल्या आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

जेवणाची वेळ टळून गेली. रस निवला. मी दोनदा बोलवायला गेले आणि दोनदा न बोलता परत आले, कारण ते बाहेर जिन्याकडे बघत होते आणि त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते. मग एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. बाहेर पॅसेजमध्ये कोणी नव्हतं.

“या आजोबा,” ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. “आत या. दारातल्या त्या पोराचा मी मुलगा.”

मग ते एका बाजूला सरकले, कोणाला वाट द्यावी तसे, आणि जरा थांबून माझ्याकडे वळले.

“दार लाव,” म्हणाले. “आले ते.”